गार ॲम्प्लिफायर

वाडीतल्या भाड्याच्या खोलीत हेमराज वर्षानुवर्षं एकाच ॲम्प्लिफायरच्या मागे होता. आवाज मोठा हवा, पण पेटी तापायला नको. त्यासाठी ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा पुरता चालू, पुरता बंद करायचा, म्हणजे वीज तापण्यात वाया जात नाही.

मे महिन्याच्या भर दुपारी ते जमलं. गाणं खणखणीत वाजत होतं आणि पेटी माठासारखी गार होती.

"हात लावून पाह्य वं," तो बायकोला म्हणाला.

"पोरगी तापानं फणफणत गेली, तवाही तुम्ही हेच करून राहिले होते," प्रेमिला म्हणाली. "तिले हात लावाले फुरसत नव्हती तुमाले."

हेमराजने चिडून प्लग ओढला. गाणं थांबलं.

स्पीकरचा काळा कागदी पडदा मात्र हलतच राहिला. आत, बाहेर, आवाज न करता, भराभर.

त्याने पडद्यावर तळवा टेकवला आणि झटकन काढून घेतला. पडदा चांगलाच तापला होता.

प्रेमिला जवळ आली. तिने बोटांची मागची बाजू पडद्याला लावून पाहिली. मग ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेली पट्टी घेऊन आली.

पट्टी ठेवल्यावर पडदा जरा सावकाश हलू लागला.

"आता तरी जवळ बसा," ती म्हणाली.