जयवंतचा घास

"आई, तो घास लगेच खायचा असतो," केस पिकलेली लेक कुजबुजली. "बाजूला काय ठेवतेस?"

टोकियोतल्या महागड्या सुशीच्या दुकानात आचारी समोर उभा राहून एकेक घास हाताने वळून देत होता. पहिला बांगड्याचा निघाला. मी तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. माझ्या सहा वर्षांच्या जयवंतला समुद्राने नेलं, तेव्हापासून मासळीचा पहिला घास त्याचा असतो.

आचाऱ्याचा हात थांबला. लेकीने ओशाळून जपानीत सगळं सांगितलं. त्याने मान लववली, तिथे नवी ताटली मांडली आणि काहीतरी विचारलं.

"दादाला वसाबी चालेल का, विचारतोय," ती म्हणाली. "झोंबतं बरं ते."

"नको म्हणावं," मी म्हटलं. "तिखट लागलं की रडतो तो."