दुरुस्तीचं निमित्त

संगणक पुन्हा बंद पडला तेव्हा तय्यिबसमोर एका तिमजली घराचा अर्धा नकाशा होता. सेव्ह करायच्या आतच पडदा काळा झाला. त्याने संगणकाच्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तव्यासारखा तापला होता.

"मुआवियाला बोलवू का?" इख्लासने अंगणातून विचारलं.

किती पटकन विचारलं बायकोने. तय्यिबच्या मनात ते कुसळासारखं रुतलं.

सुदानमधल्या ओमदुरमानच्या उन्हाळ्यात माणसंही तापतात, तिथे यंत्राचं काय घेऊन बसलात. पण या संगणकाच्या बंद पडण्याला ना वेळ ना काळ. कधी आठवडाभर मुकाट चालायचा, कधी एखाद्या गाण्याच्या मध्येच मान टाकायचा. मुआवियाने विजेची वायर बदलून पाहिली, स्टॅबिलायझर बसवला, सगळं सॉफ्टवेअर नव्याने भरलं. गुण येईना. आणि तो येऊन जायचा तेव्हा तय्यिब हमखास बांधकामावर असायचा.

इख्लास एका प्रसूतिगृहात सुईण होती, आणि तिथले संगणक हा मुआविया सांभाळायचा. उंच, हसतमुख, शर्टाची इस्त्री कधी मोडायची नाही. तिला 'ताई' म्हणायचा. पण ताई म्हणणारे पुरुष तय्यिब चांगले ओळखून होता.

एकदा तो लवकर घरी परतला, तर दोघं अंगणात जास्वंदीचं सरबत पीत बसलेली आणि इख्लास पदर तोंडावर धरून हसत होती. आपल्याबरोबर ती अशी कधी हसली होती, हे त्याला आठवेना. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या एका दिवशी त्याने पाहिलं, मुआवियाने आत पाऊल टाकण्याआधी सिगरेट फाटकाबाहेर विझवली, कुणी न सांगता. इख्लासला लहानपणापासून दमा. धुराने तिचा जीव घुसमटायचा. पण हे याला कसं ठाऊक? आणखी काय काय ठाऊक आहे याला?

तिच्या रात्रपाळ्यांची तय्यिबला चिंता नव्हती. त्याला घोर होता दिवसांचा. सकाळी ती कामावरून यायची तेव्हा बैठकीच्या खिडक्या सताड उघड्या असत आणि छताचा पंखा गरगर फिरत असे. संगणकाला हवा लागू दे, तो म्हणायचा. हवा कसली, नुसती धूळ येते, असं पुटपुटत ती खोकत खोकत खिडक्या लावून घ्यायची.

एवढं जपूनही यंत्र तापतं कसं? हळूहळू त्याला पाणी कुठे मुरतंय ते दिसू लागलं. हा पोरगा दर खेपेला मुद्दाम एखादी खोट ठेवून जात होता. पुन्हा यायला निमित्त नको का?

"बोलव त्याला," तय्यिब म्हणाला. "उद्या दुपारी. मी घरीच आहे."

इख्लासचा चेहरा पडला असं त्याला वाटलं. ती म्हणाली ते एवढंच, की बरं होईल, काय होतं ते तूच नीट सांग.

त्या रात्री त्याने सगळं मनाशी पक्कं केलं. चोरी पकडायची, आणि संध्याकाळच्या आत इख्लासला तिच्या भावाच्या घरी पोचवायचं. बारा वर्षांचा संसार, पण त्याचं मन जराही कचरलं नाही. उलट, उद्या आपण बरोबर ठरणार याचा त्याला आनंदच होत होता.

मुआविया आला. तय्यिबने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"आज आतलं सगळं सुटं करायचं," तो म्हणाला. "आणि काय बिघडलंय ते हिच्यासमोर सांगायचं. नाही सांगता आलं, तर या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही."

"दादा, मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, उघडून बघू या. तुमचाच निरोप होता, मी नसताना डबा उघडायचा नाही."

"आता आहे मी. उघड."

"हे काय चालवलंयस तू?" इख्लासने विचारलं.

"तुला कळेलच. इथे उभी राहा."

मुआवियाने बाजूचं झाकण काढलं. हवेचा पंप मारला तसा धुळीचा लोट उठला. इख्लासने नाकाला पदर लावला. मग त्याने आतला छोटा पंखा सोडवला, खालच्या धातूच्या पात्या उजेडात धरल्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्यांच्या फटी खरवडल्या. टोकाला गुळाच्या ढेपेसारखा तपकिरी, चिकट थर आला. त्याने तो हुंगला आणि हसला.

"सापडलं."

"मोठ्याने सांग," तय्यिब म्हणाला.

"नुसती धूळ असती तर पंपाने उडाली असती. हा धूप आहे, दादा. साखरेत शिजवलेल्या चंदनाचा, आपल्याकडे बायका घरी करून रात्री नवऱ्यासाठी लावतात तो. पंखा तो धूर आत ओढतो, पात्यांवर असा लेप बसतो, हवा फिरायची थांबते. मग यंत्र तापतं आणि जळू नये म्हणून आपोआप बंद होतं. नव्या जोडप्यांच्या घरी हे नेहमीचंच." तो इख्लासकडे वळला. "नवऱ्यासाठी धूप खुशाल लावा, ताई. फक्त निखारे इथून लांब ठेवा."

तय्यिब घाईघाईने डब्याचं झाकण लावू लागला.

इख्लासने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, नाकाशी नेला आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिने मान वर केली.

"आमच्या लग्नातसुद्धा माझ्या दम्यापायी धूप लावला नव्हता," ती म्हणाली. बोलत होती मुआवियाशी, पण बघत होती नवऱ्याकडे. "तू जाणकार आहेस, तूच सांग. एवढा थर साचायला माझ्या किती रात्रपाळ्या लागल्या असतील?"