चार मजले

वेणूने दोन्ही टॉवरचे मजले पुन्हा बोटाने मोजले. आपले सतरा. जनीचे एकवीस. टेबलावर हातभर उंचीची दोन पांढरी मॉडेलं शेजारीशेजारी उभी होती. खाली इवलीशी झाडं, इवल्याशा गाड्या. आणि धाकट्या जावेचा टॉवर थोरलीच्या टॉवरच्या डोक्यावरून पार कर्नाळ्यापर्यंत बघत होता. वेणूच्या अंगाचा तिळपापड झाला.

पनवेलच्या बिल्डरशेठच्या ऑफिसात आज सह्या व्हायच्या होत्या. दोघा भावांच्या जागा मिळून एकच प्लॅन. एकाने हात आखडला तर दोघांचंही काम बोंबलणार. वेणूच्या नवऱ्याने, कमळाकरने, पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं. वेणूने ते पेन त्याच्या हातातून घेतलं आणि मुठीत घट्ट धरलं.

"आमी थोरले," ती म्हणाली, "आन आमचाच टॉवर बुटका? नाय होणार सही."

"अगं, फ्लॅट दोघांना सारखेच हायत," कमळाकर हळूच म्हणाला.

"फ्लॅट घाला चुलीत! रस्त्यावरनं जाणारी माणसं काय मोजणार? मजलेच ना?"

जनी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. तिच्या नवऱ्याची सही सकाळीच झाली होती. तो ड्युटीवर गेला आणि ही पेढ्यांचा बॉक्स घेऊन मागे थांबली. असाच एक बॉक्स वेणूनेही आणला होता. दोन्ही बॉक्स टेबलाच्या कडेला न उघडता पडले होते. जनी काही बोलत नव्हती, आणि वेणूला त्याचाच जास्त राग येत होता. बसलीय बघा कशी गरीब गाईसारखी! आतून नुसत्या उकळ्या फुटत असतील मेलीला.

सासऱ्यांनी वाटप केलं तेव्हा टेकाडावरची जागा वेणूने भांडून घेतली होती. जनीच्या वाट्याला खाडीकडचं खाजण, भरतीच्या पाण्यातली सखल जमीन आली. उधाणाची भरती आणि पाऊस एकदम आला की जनीच्या चुलीत पाणी शिरायचं. मग एक पोर कडेवर, एक हाताशी, अशी ती टेकाड चढून यायची आणि वेणूच्या ओटीवर बसायची. वेणू चहा द्यायची, पोरांच्या हातावर चहात बुडवायला एकेक कडक बटर ठेवायची. आत ये म्हणायचं तेवढं राहून जायचं. चिखलाचे पाय, घरात नवी फरशी, पुसायचं कोणी? पण ओटीवर बसू दिलं की नाही? त्याचे हे पांग फेडले! आता तीच जनी एकविसाव्या मजल्यावर उभी राहणार आणि वेणूच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड वरून मोजणार. या विचाराने वेणूला दोन रात्री झोप नव्हती.

"मावशी, माझ्या हातात काही नाही," शेठ समजावणीच्या सुरात म्हणाला. "विमानतळ जवळ आलाय. उंचीला लिमिट आहे."

"आन ती लिमिट आमालाच? तिच्या टॉवरला बघून विमान वाकडं जातंय काय?"

शेठने कपाळाला हात लावला. कोपऱ्यात उभी असलेली मनस्वी पुढे आली. ही खारघरची आर्किटेक्ट, दोन्ही टॉवरचं डिझाइन तिचंच.

"काकू, चुकलं माझंच," ती म्हणाली. "मी दोन्ही टॉवर सपाट टेबलावर ठेवले. तुमची जागा सपाट कुठे आहे?"

तिने वेणूचा टॉवर उचलला आणि त्याच्याखाली जनीचा पेढ्यांचा बॉक्स सरकवला. टॉवर वर आला, पण अजून कमी पडत होता. मग तिने वेणूचा बॉक्सही खाली घातला. दोन्ही टॉवरची टोकं एका रेषेत आली.

"विमानतळवाले टॉवरची उंची जमिनीपासून मोजत नाहीत काकू, समुद्रापासून मोजतात. दोन्ही टॉवरना वर एकाच ठिकाणी थांबायचंय. तुमची जागा आधीच उंचावर, म्हणून तुमच्यात मजले कमी बसतात. यांची खाली खाडीला लागून, म्हणून जास्त बसतात."

वेणू वाकली. एक डोळा मिटून तिने टोकाला टोक लावून बघितलं. खरंच, केसाचाही फरक नव्हता. आता जनी वरून बघणार नव्हती, समोरून बघणार होती. वेणूला जरा बरं वाटलं. पण जरासंच. एकवीस ते एकवीसच आणि सतरा ते सतराच. उद्या लग्नाकार्यात बायका विचारतील तेव्हा पेढ्याचे बॉक्स कोणाकोणाला दाखवत बसायचं?

"टोकं असतील सारखी," ती म्हणाली. पेन अजून मुठीतच होतं. "पण तिला चार मजले जास्त, ते जास्तच ना?"

कमळाकरने मान खाली घातली. शेठने कागद आवरायला घेतले. तेव्हा कुठे जनीने तोंड उघडलं. आवाजात ना टोमणा होता ना राग. उधाणाला पाणी किती चढलं ते सांगावं, तसं तिने सांगितलं.

"चार मजले जास्त नाय मिळाले आमाला, बाय. आमी चार मजले खाली होतो."

वेणू टेबलाकडे बघत राहिली. आपला टॉवर कशावर उभा आहे, ते तिला आता नीट दिसत होतं. तिने मूठ उघडली. घामाने ओलं झालेलं पेन पदराला पुसून तिने नवऱ्यापुढे ठेवलं.

कमळाकर सहीला वाकला. वेणू दाराकडे वळली, पण जनीच्या डोळ्यांत बघायचं काही तिला जमेना. स्टुलाखालच्या तिच्या पायांकडे बघतच ती म्हणाली,

"तिथं दारात काय बसलीस गं? आत ये."