नापास टॅक्सी

साहेबानं पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, पुन्हा हलवलं, आणि गुडघे झाडत उठून म्हटलं, "नापास."

पुंजाराम टॅक्सीच्या दाराशी उभा होता. संगमनेरला आरटीओचा पासिंगचा कँप लागला की तो राजूरहून यायचा, आणि आजवर कधी नापास होऊन गेला नव्हता. आधीचे साहेब हॉर्न वाजवून बघत, दिवे लावायला सांगत, सही करत. हा साहेब नवा होता. तरुण, चष्मेवाला, आणि कपड्यांची पर्वा न करता गाडीखाली आडवा होणारा.

"साहेब, गाडी जुनी हाय, थोडं हलनारच. उद्या भाडं हाय माजं. एका लेकुरवाळीला सासरी सोडायचंय."

"चाकात खेळ आहे, सैल हलतंय. दुरुस्त करून आणा. तोवर या गाडीत माणसं बसवायची नाहीत."

पुंजाराम शिव्या देतच छगन मिस्त्रीच्या गॅरेजात शिरला. "मिस्त्री, नुसतं आवळून दे. कँप उठायच्या आत परत नेतो. त्याच्या हाताला हललं न्हाई म्हंजी झालं. लईच आकडू साहेब आलाय."

छगन गाडीखाली गेला. पान्याचा आवाज आला, मग थांबला. नंतर त्याचा नुसता हात बाहेर आला.

"हे धर."

पुंजारामच्या तळहातावर लोखंडी जोड पडला. स्टेअरिंगची दांडी चाकाला धरून ठेवणारा. आतला गोळा झिजला होता, खोबणीचा काठ एका बाजूनं फुटला होता. पुंजारामनं अंगठ्यानं जरासं दाबलं. गोळा अलगद बाहेर आला.

"म्या जोर लावला न्हाई," छगन खालूनच म्हणाला. "नट सैल केला आन् आपसूक हातात आला. सकाळी गाडी कशावर चालली, देवाला ठावं."

"घाटात निसटला असता तर?"

"स्टेअरिंग तुज्या हातात नुसतं फिरत ऱ्हायलं असतं. चाक त्याला वाटंल तिकडं गेलं असतं."

पुंजाराम जमिनीवर बसला. सकाळीच तो विठ्याचा घाट उतरून आला होता. वळणावळणावर दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसल्या होत्या. रोजची गाडी म्हणून कुणी मानही वर केली नव्हती.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आवळू नगं. दुसऱ्या बाजूचाबी काढ. ब्रेक खोल. समदं खोल."

गाडी तिथंच टाकून तो एसटीनं राजूरला आला, तो थेट उद्याचं भाडं सांगितलेल्या घरी. राहीबाई ओसरीवर लेकीची गाठोडी बांधत होती. पुष्पावती बाळंतपणाला माहेरी आली होती, उद्या तिची पाठवणी होती.

"गाडी कुठं ठिवली, पुंजा?"

"नापास केली, मावशी. उद्याचं जमनार न्हाई."

"आन् आता तान्ह्या लेकराला यष्टीच्या गर्दीत कोंबू व्हय?" म्हातारी कडाडली. "येवडी वरसं चालवतोस, तुला गाडी पास करून आनता येईना?"

पुंजारामनं खिशातला जोड काढून तिच्यापुढं ठेवला. मिस्त्री काय म्हणाला ते सांगितलं. गोळा खोबणीत घालून, पुन्हा काढून दाखवला.

राहीबाईनं त्या तुकड्याला हात लावला नाही. आत झोळी हलत होती, तिची दोरी कुरकुरत होती. राहीबाईनं तिकडं बघितलं.

"नाव काय त्या सायबाचं?"

"इचारलं न्हाई."

"शिव्या दिल्या आसशील."

"दिल्या."

राहीबाईनं एका गाठोड्याची गाठ सोडली. "पुष्पीला ऱ्हाऊ दे आनिक थोडं दिस. तू पुन्यांदा जाशील तवा आमी येतो. त्याचं तोंड तरी बगू."

नवे जोड नगरहून आले. ब्रेकची जुनी नळीही बदलावी लागली. पुंजाराम स्वतः छगनबरोबर गाडीखाली पाठ टेकून पडायचा आणि प्रत्येक नट आवळल्यावर हात लावून बघायचा. छगन हसायचा. पुंजाराम हसायचा नाही.

पुढच्या कँपला तोच साहेब होता. तसाच आडवा झाला. चाक धरलं, हलवलं. हललं नाही. दुसरं हलवलं. मग पुंजारामला गाडी पळवायला लावून मध्येच ब्रेक मारायला सांगितलं. गाडी जागच्या जागी थांबली.

"पास."

इतक्यात त्याचं लक्ष लिंबाच्या सावलीकडं गेलं. एक म्हातारी, तिच्या शेजारी कडेवर मूल घेतलेली तरुण बाई, पायाशी गाठोडी. त्याचा चेहरा कठोर झाला.

"पास व्हायच्या आधीच भाडं घेऊन आलात?"

"न्हाई साहेब. यष्टीनं आल्यात. पास झाल्याबिगर बसवायचं न्हाई म्हनला हुता तुमी."

"मग इथं कशाला आल्यात?"

पुंजारामला नीट सांगता येईना. "त्या दिवशी तुमी नापास केली नसती," तो म्हणाला, "तर दुसऱ्या दिवशी घाटात ह्या बसलेल्या असत्या गाडीत."

साहेबानं पुन्हा लिंबाकडं पाहिलं. कडेवरचं मूल आईच्या पदराचं टोक चोखत त्याच्याकडं टक लावून बघत होतं.

राहीबाई पुढं आली. साहेब अर्धं पाऊल मागं सरकला. "आजी, मी कुणाकडून काही घेत नाही."

"द्यायला काय आनलंच न्हाई, बाबा."

तिनं त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. त्याचे हात ग्रीसनं भरले होते, तिचं लुगडं खराब होईल म्हणून ते अंगापासून लांब धरून, मान खाली घालून, तो तसाच उभा राहिला.