पितळी जेट

“पाइप दादाचाच लावणार आहे,” केया म्हणाली. “आणि सिलिंडर हेडसुद्धा त्याचंच.”

गुरुदत्त गॅरेजच्या दारात उभा होता, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. आत तो कधीच जात नसे. तनयनं बर्फावर पळणारी ती जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल घरी आणली, त्या दिवशीच त्यानं मुलाला बजावलं होतं, “या भुताला मी बोट लावणार नाही.” आणि शब्दाला जागला. कॅल्गरीतल्या तेल कंपनीत उभी हयात पंप आणि टर्बाइन सांभाळलेला माणूस, पण पोटच्या पोराच्या इंजिनाचा एक स्क्रू त्यानं कधी फिरवला नाही.

“कंपनीनं दिलं होतं तसं स्टॉक ठेव,” तो म्हणाला. “ताकदीच्या हावेपायीच गेला तो.”

हे वाक्य त्या घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की आता त्यावर कुणी मानही वर करत नसे. तनयला डोंगर चढायला ताकद हवी होती. त्यानं एक्झॉस्टला फुगीर पोटाचा नवा पाइप घातला, ऑइल पंप काढून टाकला आणि तेल पेट्रोलमध्ये स्वतः मिसळायला लागला. मग एका फेब्रुवारीत रॉकीजमध्ये सोबत्यांना मागे टाकून एकटाच वर गेला असताना इंजिन सीझ झालं, आणि मागोमाग वादळ आलं. थंडी उणे तीस. सापडला तेव्हा तो स्नोमोबाइलला टेकून बसलेला होता.

गुरुदत्तनं कारण तेव्हाच ठरवून टाकलं. पोरानं पाइप मोठा घातला आणि पेट्रोल सोडणारं जेट लहानच ठेवलं. इंजिनाला पेट्रोल कमी पडलं, पिस्टन तापून चिकटला. मेलेल्या माणसावर राग धरता येत नाही म्हणतात. धरता येतो. गुरुदत्त दोन वर्षं त्याच रागावर दिवस काढत होता.

केया ग्वेल्फहून इंजिनिअरिंग संपवून आली ती थेट गॅरेजमध्येच शिरली. नवा पिस्टन तिनं बसवला होता. आज कार्ब्युरेटर उघडला होता. तिनं तळहात पुढे केला. त्यावर शेंगदाण्याएवढं पितळी जेट होतं, मध्ये बारीक भोक, कडेला कोरलेला मापाचा आकडा.

“सी, बाबा. दादानं जेट बदललेलं होतं. या पाइपला लागतं तेवढंच मोठं. आय चेक्ड एव्हरीथिंग. ही डिड इट राइट.”

गुरुदत्तनं वाकून आकडा वाचला. आणखी वाकून पुन्हा वाचला. आकडा बरोबर होता.

“मग सीझ कशानं झालं?”

“दॅट्स व्हॉट आय डोन्ट नो.”

तेवढ्यात केयाची आई शोभा चहा घेऊन आली. तनय गेल्यापासून तिनं गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तिनं कप बाकावर ठेवले आणि पेट्रोलच्या लाल डब्याकडे पाहिलं.

“तेल किती घातलंस?”

“मापानं घातलंय, आई. एक्झॅक्ट.”

“मापानं औषध घ्यावं.” शोभानं तेलाची बाटली उचलली आणि पुरणपोळीवर तूप सोडावं तशी डब्यात आणखी एक धार सोडली. “मिरजेला आमचे अण्णा स्कूटरमध्ये नेहमी वरून घालायचे. इंजिन कोरडं पडू नये गं. तनयच्या डब्यातसुद्धा मी दर वेळी घालायचे, तो बूट घालत असायचा तेव्हा. त्याला कुठे पत्ता.”

आणि ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मुलासाठी आपण काहीतरी करत होतो, एवढंच तिच्यापाशी उरलं होतं. ते तिनं आज जपून बाहेर काढून दाखवलं होतं.

गुरुदत्तला हिशेब शाळकरी होता. जेटच्या भोकातून तेल जितकं जास्त, तितकं पेट्रोल कमी. त्यात थंडीनं तेल घट्ट झालेलं. तनयनं सगळं काट्यावर तोलून बसवलं होतं. वरच्या एका धारेला त्यात जागा नव्हती.

केयालाही ते उमगलं.

“आई,” ती म्हणाली, “यू मीन त्या दिवशीही तू...”

“केया.” गुरुदत्तनं तिला मध्येच तोडलं.

त्यानं खिशातून हात काढले. उंबरठा ओलांडून तो आत आला आणि त्यानं स्नोमोबाइलच्या सीटवर हात ठेवला.

“तुला कारण हवं होतं ना? तो निघायच्या आदल्या दिवशी जेट मी बदललं. त्याला न सांगता. लहान घातलं, फार जोरात पळू नये म्हणून. तनयची काही चूक नव्हती.”

शोभाच्या हातातली बाटली तशीच राहिली.

“तुम्ही?” ती म्हणाली. “आणि दोन वर्षं त्याच्यावर ढकलत राहिलात?”

“हो.”

तिनं बाटली खाली ठेवली आणि पाठ फिरवून घरात निघून गेली. दार लागल्याचा आवाज आला.

केया जागची हलली नाही. तिच्या मुठीत तनयचं जेट होतं, बरोबर मापाचं. आईची पावलं जिन्यावर विरून जाईपर्यंत तिनं मूठ उघडली नाही.