कुलपातला खाऊ

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही वृद्धाश्रमात आजोबांना भेटायला गेला आहात आणि ते गोळ्यांची बरणी पुढे करताहेत. शाल्मलीच्या आजोबांनी, तात्यांनी, अगदी तशीच बरणी पुढे केली. "घे बाळा, लिमलेटच्या गोळ्या आहेत."

शाल्मली एक गोळी तोंडात टाकणार, इतक्यात थबकली. "तात्या, हिला वासच नाही!"

तात्यांनी चष्मा लावला आणि जीभ चावली. "ठेव, ठेव ती खाली! ही माझी रक्तदाबाची गोळी." साखर बंद झाल्यावर त्यांनीच लिमलेटच्या गोळ्या औषधाच्या बाटलीत लपवल्या होत्या आणि बाटलीतलं औषध या बरणीत ओतून ते साफ विसरले होते.

"मग ती बाटली कुठंय?"

"कुंदासिस्टरनी वरचं नाव वाचून कपाटात कुलूपबंद केली. रोज जेवणानंतर एक देतात," तात्या ओशाळले. "म्हणतात, इतक्या आवडीनं औषध घेणारा दुसरा पेशंट नाही. फक्त रक्तदाब का उतरत नाही, ते त्यांना कळत नाही. तू सांगू नकोस हं!"

शाल्मलीनं बरणीचं झाकण घट्ट लावलं, ती पोटाशी धरली आणि दारातूनच हाक मारली, "सिस्टर, किल्ली घेऊन या! तात्यांचा खाऊ कुलपात आहे आणि औषध बाहेर!"