चौथी ओळ

प्रयोगशाळेचे शिपाई मामा रजेवरून परतले तेव्हा ती तिथे सोयाबीनचे दाणे मोजत होती. ओळीला पंचवीस, ओळी आठ.

“सकाळीच सगळं आवरलं, ताई. काचा पुसल्या, भांडी धुतली, ट्रेमधली माती वाफवून निर्जंतुक केली, पाट्या लावल्या. आता पेरा खुशाल.”

“हं,” ती म्हणाली. तिचं सगळं लक्ष चौथ्या पुडीत होतं. तिच्यात बाबांच्या वाणाचं जेमतेम दोन मुठी बी होतं.

बाबांनी एकोणीस वर्षं याच खोलीत घालवली होती. रुजण्याआधीच बी कुजवणारी, रुजलंच तर कोवळं रोप आडवं करणारी एक बुरशी. तिला पुरून उरेल असा वाण त्यांना हवा होता. दरवर्षी नवे संकर त्या बुरशीच्या मातीत जायचे आणि आठवड्याभरात माना टाकायचे. वाणाला आधी नंबर मिळतो. टिकला तरच नाव. बाबांनी एक नाव राखून ठेवलं होतं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते अंथरुणाला खिळले होते, आणि डॉक्टर महिने सोडून दिवसांवर आले होते.

बुरशी तिने दोन दिवसांपूर्वीच ट्रेमधल्या मातीत कालवून ठेवली होती. आठव्या ओळीत तिने नेहमीचा जुना, नाजूक वाण पेरला. त्याला सगळे ‘बळीचा बकरा’ म्हणत. त्याचं काम एकच, मरायचं; तो मेला की माती खरोखर रोगट असल्याची खात्री व्हायची. बाबा बजावायचे, “आधी बकऱ्याकडे बघ, मग बाकीच्यांकडे.”

दहाव्या दिवशी तिने दार उघडलं आणि थेट चौथ्या ओळीकडे पाहिलं.

पंचवीसच्या पंचवीस रोपं ताठ उभी होती. तिने तीनदा मोजली. मग फोटो काढला, छापून घेतला आणि एप्रनसकट घरी धावत सुटली.

बाबांनी चष्मा मागितला. फोटो डोळ्यांजवळ नेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

“आठही ओळी आल्यात फोटोत.”

“आल्यात हो! पण तुम्ही चौथी बघा ना.”

“बघतोय गं.”

“आता तरी नाव सांगा. एकोणीस वर्षं नुसतं झुलवलंत.”

“तुझ्या आईचं.” बाबांनी चष्मा काढला. “पहिल्या संकराचं बी तिनेच निवडून दिलं होतं. रोपं बघायची मात्र राहून गेली तिची.”

तिने त्यांच्या हातावर गाल टेकला. ते तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिले.

“फोटो राहू दे माझ्याकडे. आणि ती पेन्सिल दे जरा, तारीख टाकतो. तू चहा टाक.”

कित्येक महिन्यांनी ती गुणगुणत स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ती कामावर गेलीच नाही, बाबांच्या उशाशी बसून राहिली. नवव्या दिवशी ते गेले.

उशी उचलताना फोटो खाली पडला, पालथा. मागे थरथरत्या अक्षरांत त्या दिवसाची तारीख होती, आणि तिच्याखाली, ते नोंदवहीत लिहायचे तशीच, एक ओळ:

‘बकराही उभा. चाचणी बाद. पुन्हा पेर, पोरी.’